वाळत ठेवलेला रेझर

माणसाचा स्वभाव ओळखण्याच्या अनेक युक्त्या शहाण्या लोकांनी सांगून ठेवल्या आहेत. कुणी म्हणतं, त्याच्या चपला पाहा. कुणी म्हणतं, त्याचं अक्षर पाहा. तर कुणी म्हणतं, त्याला पंगतीत जेवताना पाहा. माझी स्वतःची एक वेगळीच युक्ती आहे. माणूस दाढी करत असताना त्याला पाहण्यात काही अर्थ नाही. त्या वेळी सगळे सारखेच दिसतात. गाल फुगवलेला, ओठ मुडपलेला, नाकाचा शेंडा चिमटीत धरलेला! मोठ्यात मोठा विद्वानही आरशापुढे थोड्या माकडचेष्टा केल्याशिवाय दाढी उरकू शकत नाही. पण दाढी संपली, तोंड पुसून तो गृहस्थ चहाला निघून गेला, की मग हळूच जाऊन त्याचा रेझर पाहावा.

माझ्या पाहणीत रेझर वापरणाऱ्यांचे तीन प्रकार आढळले आहेत. पहिल्या प्रकारचा माणूस दाढी आटोपली की रेझर हातातून सुटेल तिथे ठेवतो. दुपारपर्यंत त्याच्यावरचा फेस वाळतो, फेसातले केस वाळतात, आणि दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ त्याच रेझरने गाल खरवडत ब्लेडच्या कंपनीचा उद्धार करतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस रेझर नळाखाली धरतो, दोनदा झटकतो आणि ओलाच डबीत कोंबतो. जगात यांचीच संख्या मोठी. मीही कितीतरी वर्षं यांच्यातलाच होतो. तिसऱ्या प्रकारचा माणूस रेझर उघडतो, त्याचे भाग सुटे करतो, धुतो, वाळत ठेवतो आणि मगच अंगात सदरा चढवतो. असा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू.

यंदा वार्षिकांकासाठी "सर, काहीतरी द्या," म्हणून विद्यार्थी-संपादक माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना हा विषय सांगितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही छान राखलेल्या दाढ्या होत्या. त्यातला एक धीर करून म्हणाला, "सर, पण रेझर उघडायचा म्हणजे काय करायचं?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्या घरी रेझर असलाच तर तो प्लॅस्टिकच्या दांड्याचा असणार. तो उघडत नाही. तो फक्त फेकून देता येतो. तेव्हा आधी वस्तूची ओळख करून देणं भाग आहे. जुना सेफ्टी रेझर म्हणजे तीन तुकड्यांचा मामला. एक दांडा, एक खालची पट्टी, आणि तिच्यावर बसणारं, पाठीला किंचित बाक असलेलं टोपण. टोपणाच्या पोटातून आटे पाडलेला एक छोटा खिळा खाली येतो. टोपण आणि पट्टी यांच्यामध्ये दुधारी पातं ठेवायचं आणि खालून दांडा फिरवून आवळायचं. पातं मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतकं पातळ असतं. नुसतं हातात धरलं तर लवतं. पण टोपणाखाली दाबलं गेलं की ते बाक घेतं, ताठ होतं, आणि त्याच्या दोन्ही धारा कडेने जेमतेम डोकावतात. एवढीच काय ती या यंत्राची करामत.

गंमत अशी की, ज्या गृहस्थाने ही करामत जगाला दिली, त्याच्या मनात जतन करण्याचा विचार नव्हताच. होता तो फेकून देण्याचा. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला एक फिरता विक्रेता. बाटल्यांची पत्र्याची बुचं करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. त्या बुचांचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला, की बाबा रे, लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील अशी एखादी वस्तू शोधून काढ. १८९५ साली एका सकाळी दाढी करता करता जिलेटला ती वस्तू सापडली. वस्तरा आयुष्यभर पुरतो, पण त्याला सारखी धार लावत बसावी लागते. त्याऐवजी धार गेली की सरळ टाकून द्यायचं असं स्वस्त पातं का नसावं? इतक्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार आणणं जमायचं नाही, असं जाणकारांचं मत होतं. विल्यम निकरसन नावाच्या तंत्रज्ञाने ते जमवून दाखवलं. १९०३ साली माल बाजारात आला, तेव्हा वर्षभरात म्हणे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली पेटंट मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांना हे रेझर दिले आणि युद्धावरून परतलेले सैनिक रोज स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच घरी आले.

असं हे फेकण्यासाठी जन्माला आलेलं पातं फिरत फिरत मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी आलं आणि फसलं! कारण आमच्या घरी फेकणं ही क्रियाच नव्हती.

अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच. त्यांच्या पायाखालची जमीन आयुष्यभर हलतीच राहिली. बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला वस्तीची गाडी येई. ही गाडी संध्याकाळी डेपोतून सुटते, रात्री कुठल्याशा आडगावात मुक्काम करते आणि पहाटे तिथल्या माणसांना घेऊन तालुक्याला परत येते. वस्तीला जाताना अण्णांच्या पिशवीत एक पंचा, एक चादर, भाकरीचा डबा आणि दाढीच्या सामानाची पत्र्याची डबी एवढा संसार असे. रात्री गाडीच्या बाकावरच झोपायचं आणि पहाटे उठून, गावातल्या विहिरीचं तांब्याभर पाणी घेऊन, गाडीच्या बाजूच्या आरशात पाहत दाढी करायची. "उतारू डोळे चोळीत येतात," ते म्हणत, "आपण तरी त्यांच्यापुढे जागे दिसलो पाहिजे."

डबीत सामान ते किती! रेझर, ब्रश, साबणाची गोल वडी, तुरटीचा एक खडा, आणि खोबरेल तेलात बुडवून पिळलेली एक चिंधी. या चिंधीचं प्रयोजन मला फार उशिरा कळलं. वस्तीवर रेझर वाळायला वेळ मिळत नसे. पावसाळ्यात तर तो वाळणं शक्यच नव्हतं. म्हणून पाणी झटकून झालं की पात्यावर तेलाचा नुसता हात फिरवायचा. तेलाचा पापुद्रा बसला की हवा आणि पाणी पोलादापर्यंत पोहोचत नाहीत.

पात्यांचा हिशेब अण्णा तिकिटांच्या हिशेबासारखाच ठेवत. पात्याच्या कागदी वेष्टनावर पेन्सिलीने तारीख घालत आणि प्रत्येक दाढीनंतर एक रेघ ओढत. धार मंदावली की पाण्याच्या काचेच्या पेल्यात, आतल्या गोलाईवर, पातं दोन बोटांनी दाबून मागेपुढे घासत. आमच्या घरी त्याचा किर्र किर्र असा आवाज उठला की आई म्हणे, "झाला! आणखी चार दिवस गेले त्याचे." चार दिवसांनीही पातं मरत नसे. ते आईच्या शिवणाच्या डब्यात जाई आणि उसवणीच्या कामी येई. तिथून आमच्या कंपासपेटीत येऊन पेन्सिली करी.

मला या सगळ्याची लाज वाटे. आज हे लिहायला संकोच वाटत नाही, पण त्या वयात वाटे. माझ्या एका वर्गमित्राचे वडील दाढी झाली की पातं सरळ कचऱ्यात टाकत. मला ते राजासारखे वाटत.

१९८४ सालचा जुलै महिना. मी बारावीत होतो. गालांवर लव दाट झाली होती आणि वर्गातली पोरं चेष्टा करू लागली होती. त्या दिवशी अण्णांची साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी ते बाजारात गेले, आई शेजारी गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी डबी काढली आणि मोरीत उभं राहून, कपाटाच्या आरशाचा सुटा तुकडा खुंटीला टांगून, आयुष्यातली पहिली दाढी केली. चार ठिकाणी कापून घेतलं, पण आरशातला चेहरा एकदम थोराड वाटला. तेवढ्यात ओसरीवर छत्री झटकल्याचा आवाज आला. मी रेझर पाण्यात एकदा बुडवला आणि तसाच, फेसाचे कण आणि पाणी आत ठेवून, डबीत घालून झाकण गच्च लावलं.

आमची विहीर समुद्राच्या जवळ होती. पाणी मचूळ. पावसाळ्यात जरा बरं, तरी चव राहायचीच. आणि अण्णांचं पातं साधं पोलादी, स्वस्तातलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना पहाटेच्या पहिल्या गाडीची ड्युटी होती. साडेचारला उठून, सायकल दामटत साडेपाचपर्यंत डेपो गाठायचा. वीज आदल्या संध्याकाळीच गेली होती. मी अंथरुणात जागा होतो. कंदिलाच्या उजेडात अण्णांची सावली भिंतीवर हलत होती. ब्रशचा आवाज आला, मग रेझर ओढल्याचा आवाज, आणि मग तो मधेच थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

आई चहा घेऊन आली आणि दचकून म्हणाली, "अहो, ह्या काय झाला?"

"काय नाय," अण्णा म्हणाले, "कंदिलाची काच काळी झाली हा. दिसला नाय."

कंदिलाची काच काळी नव्हती. आदल्या संध्याकाळी मीच ती राखेने घासून लखलखीत केली होती. आणि ते अण्णांना ठाऊक होतं.

त्या दिवशी रात्री ते परतले, तेव्हा हनुवटीवर वर्तमानपत्राच्या कागदाचा वाळलेला तुकडा अजून चिकटलेला होता आणि खाकी सदऱ्याच्या कॉलरवर तपकिरी डाग होता. आईने सदरा पाण्यात भिजत घातला. दिवसभर त्याच कॉलरने ते उतारूंसमोर उभे होते. उतारूंपुढे जागं दिसलं पाहिजे म्हणणारा माणूस!

ते मला रागावले असते तर फार बरं झालं असतं. पण ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतरच्या सकाळी त्यांची ड्युटी उशिरा होती. दाढी झाल्यावर त्यांनी मला हाक मारली, "झिला, हयसर ये."

मी मान खाली घालून मोरीपाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी रेझर माझ्या हातात दिला आणि मागे उभे राहून एकेक सांगू लागले. आधी दांडा अर्धा फेरा सैल करायचा, म्हणजे पाणी आतून खेळतं आणि अडकलेले केस वाहून जातात. मग दांडा पुरता काढून तीन तुकडे वेगळे करायचे. पातं धारेला हात न लावता दोन आखूड कडांना धरायचं आणि दोन्ही अंगांनी विसळायचं. मी सवयीने पंचा पुढे केला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नको. झटक."

धार इतकी बारीक असते, की कापडाचा एक धागा अडकला तरी ती दुखावते. आणि कापडही फाटतं, बोटही कापतं. म्हणून धार पुसायची नाही. पात्याचं पाणी झटकायचं. टोपण आणि पट्टी मात्र कोरडी पुसायची. दांडा उलटा उभा करायचा, कारण त्याच्या पोकळीत पाणी राहतं आणि आटे आतून खातं. ब्रश पिळायचा नाही, तोही झटकून केस खाली येतील असा टांगायचा. मग सगळे तुकडे घडी केलेल्या फडक्यावर सुटे मांडायचे. एकावर एक ठेवायचे नाहीत. दोन धातू ओले चिकटून राहिले की फटीतलं पाणी लवकर सुकत नाही. उन्हाळ्यात फडकं खिडकीत. पावसाळ्यात स्वयंपाकघरात चुलीच्या वैलाशेजारी, पण वैलावर नाही. आईचा चहा होईपर्यंत सगळं कोरडं.

"पाणी रवला की ता लोखंडाक खाता," ते म्हणाले. मग थोडं थांबून, जणू तिकीट फाडून हातात द्यावं तसं सहज, आणखी एक वाक्य म्हणाले, "उद्या सकाळी हो कोणाकतरी लागतलो."

उद्या सकाळी हा कुणाला तरी लागणार आहे. बस्स. परवाच्या दिवसाचा उल्लेख नाही, काचेचा नाही, कॉलरचा नाही. मी मान हलवली. मला त्या वेळी वाटलं, अण्णा पात्याची काटकसर शिकवताहेत.

पुढे मी शिकायला घाटावर आलो, इथेच नोकरीला लागलो. पहिल्या पगारात मी नवा रेझर घेतला आणि स्टेनलेस पात्यांची पाकिटं घेतली. स्टेनलेस पाती १९६०च्या दशकातच जगभर आली होती. ती गंजत नाहीत अशी त्यांची ख्याती. मी निश्चिंतपणे रेझर नळाखाली धरून डबीत कोंबू लागलो. सुट्टीत घरी गेलो की अण्णा तो डबीतून काढत, उघडत आणि काही न बोलता फडक्यावर मांडून ठेवत. मी म्हणे, "अण्णा, हे स्टेनलेस आहे. याला काही होत नाही." ते म्हणत, "बरा." आणि वाळत ठेवत.

मी कलाशाखेचा माणूस. धातूंशी माझा संबंध टाळ-चिपळ्यांपुरता. पण एकदा स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा रसायनशास्त्राचा एक मित्र म्हणाला, "तुझे वडील बरोबर आहेत." पात्याच्या स्टेनलेस पोलादात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं. हवेशी संयोग होऊन त्याचा एक अदृश्य थर पृष्ठभागावर बसतो आणि तोच पोलादाचं रक्षण करतो. पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड या थराला बारीक भोकं पाडतं. धार तर टोकाशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. तिथे बारीकसं भोक म्हणजे मोठं भगदाडच. शिवाय पाणी जड असेल तर साबणाशी मिळून त्याचा पांढरा साका होतो, तो फटीत आणि आट्यांत बसतो. थोडक्यात काय, पातं स्टेनलेस असलं तरी ते ओलं ठेवायची मुभा नाही.

अर्थात अण्णांचीही सगळी जीत नाही. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाढी करून पाहिली. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. पण तो कापला जाताना वाकतो आणि पोलादाच्या घडणीत जिथे थोडी असमानता असेल नेमका तिथे धारेचा टवका उडवतो. म्हणजे तुम्ही कितीही वाळवलंत तरी पातं झिजायचंच. ते ज्या कामासाठी जन्मलं त्या कामानेच झिजतं. वाळवून टळतं ते फक्त दुसरं मरण, गंजाच्या हातून येणारं, विनाकारण आलेलं. हे संशोधन मी वाचलं तेव्हा अण्णा नव्हते. असते तर "बरा" म्हणाले असते.

२००५ साली अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. गावातला न्हावी मधून मधून घरी येई, पण मी घाटावरून पंधरवड्याला एस.टी.ने घरी जात असे तेव्हा अण्णांची दाढी मीच करी. त्यांनाही ते हवं असे. मी आलो की ते डाव्या हाताने कोनाड्यातल्या डबीकडे बोट करत. आजारी माणसाची दाढी करणं सोपं नसतं. गाल सैल पडलेला असतो, तो एका हाताने ताणून धरावा लागतो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येते, ती पुसत राहावी लागते. ज्या चेहऱ्याकडे लहानपणी मान वर करून पाहिलं, तो आपल्या तळहातात येतो आणि विश्वासाने डोळे मिटून घेतो. पहिल्यांदा माझा हात थरथरला. मग सवय झाली.

दाढी झाली की अण्णा डोळे उघडत आणि डाव्या हाताची दोन बोटं हवेत गोल फिरवत. दांडा सैल कर. मी हसून "हो, हो" म्हणे आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तीन तुकडे फडक्यावर मांडी. मग त्यांची मान उशीवर टेके.

एका रविवारी मात्र उशीर झाला. परतीची गाडी चुकली असती तर सोमवारचे तास बुडणार होते. मी दाढी उरकली, रेझर अण्णांच्या खाटेशेजारच्या ओल्या तसराळ्यात तसाच ठेवला. त्यांची दोन बोटं फिरत होती. मी म्हटलं, "आई करील," आणि पिशवी उचलून निघालो. वळून पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा मनात धाकधूक होतीच. आई थकली होती, तिच्या हे ध्यानात राहिलं असेल असं वाटत नव्हतं. खाटेशेजारच्या स्टुलावर घडी केलेलं फडकं होतं आणि त्यावर तीन तुकडे सुटे, शेजारी पातं, दांडा उलटा उभा. सगळं कोरडं. खडखडीत कोरडं.

"आई, तू हे बरं आठवणीनं केलंस," मी म्हणालो.

"मी खंय केलंय?" आई म्हणाली. "त्यांनीच केल्यानी. तास लागलो त्यांका. दांडो गुडघ्यांमदी धरल्यानी आणि एका हातान फिरवल्यानी. माका हात लावूक दिल्यानी नाय."

मी अण्णांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. डाव्या हाताच्या अंगठ्यावर एक बारीक, भरत आलेली चीर होती.

अण्णांना तो रेझर लागणार नव्हता. स्वतःची दाढी ते पुन्हा कधी करणार नव्हते. न्हावी आपलं सामान आपल्याबरोबर आणत असे. पंधरा दिवसांनी तो हातात घेणारा माणूस एकच होता. २१ वर्षांपूर्वी मोरीपाशी ऐकलेलं ते 'कोणाकतरी' मला त्या दिवशी स्टुलापाशी उभं असताना नीट ऐकू आलं. मी त्यांच्यासाठी एकदा ओला रेझर ठेवून गेलो होतो. आणि पुन्हा एकदा गेलो होतो. त्यांनी दोन्ही वेळा काहीच म्हटलं नाही.

मी त्यांच्या गालाला साबण लावला. त्या दिवशी मी दुपारची गाडी सोडली आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो.

२००७ साली अण्णा गेले. डबी माझ्याकडे आली. मधली बरीच वर्षं ती कपाटात होती. मीही प्लॅस्टिकच्या दांड्यांच्या जमान्यात वाहून गेलो होतो. काही वर्षांपूर्वी ती उघडली तेव्हा रेझरचा मुलामा जागोजाग उडून आतलं पितळ दिसू लागलं होतं, पण आटे अजून लोण्यासारखे फिरत होते. कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश एवढ्यावर तो कामाला लागला. तेव्हापासून मी त्यानेच दाढी करतो आणि चहा होईपर्यंत तो वाळतो. एका फडक्यावर तीन तुकडे मांडायला पुरता एक मिनिटही लागत नाही. या एका मिनिटासाठी मी इतकी वर्षं का कुरकुरलो, ते सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला होता. त्यालाही तुमच्या संपादकांसारखी राखलेली दाढी आहे. ती कोरायच्या यंत्राची वायर तो विसरून आला. म्हणाला, "बाबा, गळ्याखालचं जरा साफ करायचंय, तुमचा रेझर घेऊ?" घे म्हटलं. तासाभराने मी न्हाणीघरात गेलो, तर बेसिनच्या कडेला अण्णांचा रेझर फेसाने भरलेला, ओला, आडवा पडला होता. मी त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिलो. मग उघडला, धुतला, झटकला आणि फडक्यावर मांडून ठेवला. काही बोललो नाही.

पण नुसतं न बोलणं म्हणजे अण्णा होणं नव्हे. त्यांनी दुसऱ्या सकाळी हाक मारली होती. म्हणून दुसऱ्या सकाळी मीही मारली. मुलगा कानातली बोंडं काढत आला. मी रेझर त्याच्या हातात दिला आणि मागे उभा राहिलो. दांडा सैल झाला, तीन तुकडे सुटे झाले, पातं आखूड कडांनी धरून विसळलं गेलं. त्याने टॉवेल पुढे केला.

"पुसू नकोस," मी म्हणालो. "झटक."

त्याने झटकलं. मग मला बरं वाटावं म्हणून, हसत हसत म्हणाला, "बाबा, पण मी तर आज संध्याकाळी चाललो. आणि तुमचीही दाढी झाली. आता एवढं वाळवायचं कुणासाठी?"

घाटावर आल्यापासून आमच्या घरात मालवणी बोलली जात नाही. ती बोलायला माणूसच उरलं नव्हतं. पण त्या वाक्याला माझ्याकडे दुसरी भाषा नव्हती.

"उद्या सकाळी हो कोणाकतरी लागतलो," मी म्हणालो.